पहिल्याचा हात

पेटवे : मॅग्नोलियाचं झाड. वीज पडून गेलं.

जबारी : पुढे.

पेटवे : शुक्रवारी तळलेला मासा. आम्ही बसलो की शेजारचं टेबल रिकामं व्हायचं.

जबारी : पुढे.

पेटवे : बुटांना पॉलिश नसेल तर शिक्षा म्हणून लायब्ररीला तीन चकरा.

(अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाची, म्हणजे फ्रॅटर्निटीची, खोली. सत्तरीतले पेटवे उभे; मंडळाचा विद्यार्थी जबारी त्यांची परीक्षा घेतोय. भिंतीवर एका रांगेचा जुना फोटो.)

जबारी : हे कुणीही सांगेल, मिस्टर पेटवे. जुन्या वार्षिकांकात सगळं छापलंय.

पेटवे : भाऊ म्हणायची पद्धत मोडली वाटतं.

जबारी : ओळख पटली की म्हणतो. गेल्या वर्षी असेच एक आजोबा आले, आमचं जाकीट घालून. भाषण ठोकलं, दोनदा ताट भरून कोंबडी हाणली. मग कळलं, गडी या कॉलेजात कधी शिकलाच नव्हता. तेव्हापासून आम्ही ताकही फुंकून पितो.

पेटवे : मी जेवून आलोय.

जबारी : या शाखेचे संस्थापक सहा. मुख्य कचेरीच्या यादीत सहा, या फोटोत सहा. दुपारी बाहेरच्या दगडावर सहा नावं कोरायचीत. आणि तुम्ही आज उगवून म्हणताय, मी सातवा.

पेटवे : सातवा नाही. पहिला.

जबारी : तिथंच फसलात. मंडळात येणाऱ्या नव्यांची रांग उंचीनं लागते. बुटका पुढे, ताडमाड मागे. पहिला लेम्युएल गॅडिस. तुम्ही तर दारातून वाकून आत आलात.

पेटवे : उंचीनंच लागली होती. त्र्याहत्तरचा मार्च. एकामागे एक, सगळ्या आवारातून चालायचं. गोरी पोरं गच्चीवरून बाटल्या फेकायची, नेम पुढच्यावर. दुसऱ्या दिवशी मी पुढे गेलो.

जबारी : मग यादीत नाव का नाही?

पेटवे : चौथ्या दिवशी एक बाटली मी परत फेकली. कॉलेजनं काढलं मला. मुख्य कचेरीत नावांचे कागद गेले एप्रिलमध्ये, मी गेल्यावर.

जबारी : गोष्ट छान रचलीत. पुरावा?

पेटवे : तुझ्या डोक्यामागे आहे. त्या फोटोत पोरांचे हात कुठं आहेत?

जबारी : ज्याचा त्याचा पुढच्याच्या खांद्यावर.

पेटवे : लेम्युएलचा?

जबारी : समोर. तो वाट दाखवणारा हात. पन्नास वर्षं आमच्या प्रत्येक रांगेतला पहिला तसाच हात पुढे धरून चालतो. मीही चाललोय.

पेटवे : बोटं बघ त्याची.

जबारी : ...वाकलीयत.

पेटवे : वाट दाखवताना बोटं वाकवतं का कुणी? फोटो छापला तोवर मला काढलं होतं. काढलेल्याचं तोंड कोण छापणार? लेम्युएलच्या बोटांच्या कडेनं मला कापून टाकलं. घट्ट धरायचा लेम्युएल. संध्याकाळी खांदा दुखायचा.

जबारी : थांबा जरा. ...हॅलो, जबारी बोलतोय. छिन्नी लावली नाही ना अजून? बरं झालं. वर एका नावाची जागा सोडा. हो, गॅडिसच्या वर. पूर्ण नाव सांगतो.

पेटवे : थॅडियस.

जबारी : थॅडियस पेटवे. ...भाऊ, एक कळलं नाही. बाटल्या काय, कुणालाही लागल्याच असत्या. त्यासाठी रांगेचा नियम मोडलात?

पेटवे : लेम्युएलला चष्मा होता.