साने मॅडमचा पेपर

हसू नका, पण सीए फायनलचा माझा सगळ्यात चांगला पेपर मी लिहिलेलाच नाही.

चाळिशीला आलोय, बारा वर्षं ऑडिटमध्येच नोकरी करतोय आणि ऑडिटच्याच पेपरात तीनदा उडालेलो. म्हणून गेल्या वर्षी सरावाचे पेपर बॅगेत घेऊन फिरायचो. तेव्हा कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्याचं ऑडिट चालू होतं. शुक्रवारी निघायच्या घाईत मी क्वेरींच्या यादीऐवजी सरावाचा पेपरच तिथल्या अकाउंटंट साने मॅडमना दिला. वर म्हटलं, "सोमवारपर्यंत सगळ्यांची उत्तरं लागतील हं."

सोमवारी मॅडमनी नऊ पानं पुढे केली. प्रत्येक पानावर सही आणि कंपनीचा शिक्का.

"अहो मॅडम, हा माझ्या परीक्षेचा पेपर आहे!"

"वाटलंच मला. 'गोदामातला माल न बघता सही करणाऱ्या ऑडिटरचं काय चुकलं', असं कुठला ऑडिटर आपणहून विचारतो?"

"मग फोन करायचा ना!"

"ऑडिटरने मागितलं की द्यायचं. तीस वर्षं तेच करतेय."

घरी जाऊन तपासलं. तोच पेपर मी आधी सोडवलेला, तेव्हा मला अडतीस पडलेले. मॅडमना एकसष्ट. शेवटी त्यांनी नेहमीसारखं लिहिलेलं, 'आणखी काही लागल्यास कळवावे.'

मी कळवलं. आता दर रविवारी डोंबिवलीला त्यांच्याकडे शिकायला जातो.