अनिकाची डेटा शीट

नाही हो उत्तरामावशी, मी कशाला जळू रुचावर? तुमची लेक म्हणून तुमच्यापुढे गोड बोलत नाहीये — खरंच, इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आल्यापासून मला तिच्याइतकं जवळचं कुणी नाही. टायर बदलून तासाभरात येते म्हणाली ना, म्हणजे दीड तास धरा. चहा घ्या. साखर कमी झाली का? मला अंदाजच येत नाही, आम्ही बिनसाखरेचा — आई गं! काही नाही, काही नाही, फ्रिजच्या आइसमेकरमधून बर्फ पडतो तो. रोज पडतो आणि रोज मी दचकते. नवरा हसतो मला.

तर काय सांगत होते — हां, ते एन्डॉर्समेंट. शिकवायचं लायसन्स आम्हा दोघींकडे आहेच, साध्या वर्गाचं. त्याला स्पेशल एज्युकेशनची जोड द्यायची, म्हणजे पुन्हा कोर्स, पुन्हा परीक्षा, आणि स्पेशलच्या वर्गात सीनियर बाईंच्या हाताखाली काम करायचं. हे शोधून काढलं कुणी? मी. रुचाला लिंक पाठवली कुणी? मीच. ‘अगं तूही कर ना, आळीपाळीने ड्राइव्ह करू’ — कुठून बुद्धी झाली मला! म्हणजे तसं नाही, चांगलीच बुद्धी झाली. पण मावशी, मी चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढते, परीक्षेआधी आठवडाभर मला घास उतरत नाही. आणि तुमची लेक? माझ्याच नोट्स पार्किंग लॉटमध्ये बसून चाळल्या, आणि माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त. वर म्हणते, ‘लकी गेस होते यार.’ लकी म्हणे!

हसा, हसा. परीक्षेचं मी सोडून दिलंय. मला लागलं ते वर्गातलं. एक मुलगी आहे तिथे, सात वर्षांची, बोलत नाही. आपल्यातलीच आहे, अनिका — अय्या, नाव सांगायचं नसतं! विसरा हं तुम्ही. तिला कार्ड द्यायला शिकवायचं असतं. कार्डावर दोन हातांचं चित्र, म्हणजे ‘मदत कर’. वरणभाताच्या थर्मासचं झाकण तिला उघडत नाही, तर किंचाळायचं नाही, कार्ड काढून समोरच्याच्या हातात ठेवायचं. एवढंच. चार आठवडे, मावशी, रोज मी तिचा हात धरून ते कार्ड माझ्याच हातात ठेवून घेतलं. जांभळे मोजे नसले की तिचा दिवस बिघडतो, हे मी शोधलं. टाळ्यांना घाबरते, हेही मलाच कळलं — मलाच कळणार, मी पण घाबरते.

आणि बुधवारी रुचा आली. आमच्या टेबलावर तिचा पहिला दिवस. दुसऱ्या एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत खाली बसली होती. अनिका उठली — मी हात धरायच्या आत उठली — आणि मला ओलांडून गेली. तिचा फ्रॉक माझ्या गुडघ्याला घासून गेला. गेली ती सरळ रुचाकडे, आणि कार्ड तिच्या हातात. एकदा नाही, जेवण होईपर्यंत पाच वेळा! आमच्या सीनियर बाई, मिसेस सलिव्हन, नेमक्या मीटिंगला गेलेल्या. डेटा शीट माझ्याकडे.

डेटा शीट म्हणजे — मुलाने आपणहून केलं तर आय लिहायचं, इंडिपेंडंटचा आय. कुणी सुचवलं, हात धरला, तर प्रॉम्प्टचा पी. आता रुचाचा हात पुढे होता ना — पुढे केलेला हात म्हणजे सुचवल्यासारखंच की! म्हणून मी पी लिहिलं. आणि एकदा पी लिहिल्यावर पुढच्या वेळी आय कसं लिहिणार? पाचही वेळा पी.

अं? नाडी बांधणाऱ्याचा हात पुढे कसा? — नव्हता. नव्हता पुढे. बरं?

रुचा? ती कशाला बघेल माझी शीट! तिने तर मला मिठी मारली. ‘अनया, तुझी चार आठवड्यांची मेहनत गं ही. मिसेस सलिव्हनना तूच सांग,’ म्हणाली. असं असतं बघा तिचं. जिंकायचं पण तिनेच आणि मोठं मन पण तिचंच. आपल्याला काही उरतच नाही! एखाद वेळी तरी तिने — जाऊ दे.

एका कागदाने काय होतंय म्हणता? होतं ना. मंगळवारी अनिकाच्या आईवडिलांबरोबर मीटिंग आहे. आपणहून मदत मागत असेल तर तिला जेवायला कॅफेटेरियात बसवायचं, सगळ्या मुलांबरोबर. नाहीतर वर्ष संपेपर्यंत स्पेशलच्या वर्गातच. काल मिसेस सलिव्हन म्हणाल्या, अजून तयारी दिसत नाही तिची. माझ्याच शीटवर बोट ठेवून म्हणाल्या. आणि मी — मी मान डोलावली, मावशी.

अशा बघू नका ना. रागवा तरी.

तुम्ही सांगाल का रुचाला? नका सांगू. ती भांडली असती तर परवडलं असतं हो. ती भांडणार नाही. ‘अगं होतं असं, चल, दोघी जाऊन सांगू त्यांना’ म्हणेल, आणि गाडीत मला धीर देत बसेल. तेच नको झालंय मला. एकटीने जाऊन सांगता आलं तर — सोमवारी. सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आत. पेनाने लिहिलंय, खोडायचं तर मिसेस सलिव्हनसमोरच —

बाई गं! बेल. आलीसुद्धा? तासच झालाय.

नाही, तुम्ही नका उठू. पर्स राहू दे. तुमच्या तोंडून नको, मीच सांगते तिला, तुमच्यासमोर पण नको — मागच्या डेकवर ऊन छान आलंय. जाता का जरा? चहा घेऊन जा. दार ओढून घ्या मावशी, प्लीज.