बाभळीचा कापूस

जन्म माझा जुन्या जालन्यातला. बाप कापडाच्या दुकानात, मीबी तिथंच. थान उलगडायचं, पुन्हा घडी घालायची, ह्यातच चाळिशी आली. मंग मालकानं दुकान बंद केलं आन् मी टेंभुर्णीत खोली घेऊन कापड विकायचं ठरवलं. ठरवलं मी एकट्यानंच, हिला विचारलं न्हाई. गाडीत बसायच्या वख्ताला सांगितलं. ते अजून टोचतं मला. छपराच्या गाडीत तोंडावर पदर घेऊन रडत आल्ती, रस्ता काही बघितलाच न्हाई.

टेंभुर्णीतबी उंबऱ्याबाहेर येईना. म्हणायची, अहो, इथं बघायचं काय, धूळ? मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत बघ. न्हाई करमलं तर परत नेतो. जबान दिली.

आसपासच्या बाजारांना गठ्ठा घेऊन पायी जायचो. ठरवलं, हिच्यासाठी रस्त्यावरलं रोज काहीतरी बघून यायचंच. काय सांगू तुम्हाला, मलाच गोडी लागली. तरवडाची पिवळी फुलं, म्हशीच्या पाठीवर बसून फिरणारा कावळा, आन् ज्वारीतलं बुजगावणं, डोक्यावर लाल रुमी टोपी, गोंड्यासकट. लोक जाता-येता त्याला आदाब करायचे.

एक दिवस रस्त्याकडची बाभूळ पांढरी झालेली, फांदी-फांदीला कापूस. धोंडीबा गाडीवाल्याला विचारलं, बाभळीलाबी कापूस येतो का बाबा? त्यो हसून गाडीवरून पडायचा राह्यला. म्हणला, शेठ, जन्मभर कापड विकलं आन् कापूस कशाला येतो म्हाईत न्हाई? सरकी काढायला जिनाला जाणाऱ्या गाड्यांचा कापूस ह्यो, काट्याला अडकतो. घरी हे सांगितलं तर ही म्हणली, माझं मन रमवायला कायबी बनवून सांगून राह्यले तुम्ही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी म्हणली, चला, सण जालन्यातच करू. जबान ती जबान. धोंडीबाची गाडी आणली, सामान मीच चढवलं. गाडी तेवढी बिनछपराची घेतली.

बुजगावणं आलं तसा धोंडीबानं बराबर आदाब केला. ही बघतच राह्यली. अगं बाई, खरंच टोपी हाय की, म्हणली आन् हसली. किती दिवसांनी हसली. पुढं बाभूळ आली. थांबवा म्हणली, उतरली, काट्यांतून कापूस काढत राह्यली. बोटाला रक्त आलं तरी पदर भरून घेतला.

धोंडीबा म्हणला, वहिनी, जालना लांब हाय, जल्दी करा.

ही म्हणली, बैल फिरवा भाऊ. वाती वळायच्यात, उद्या सणाला घरात दिवा पाहिजे.

मंग काय, फिरलो.

आता तिसऱ्या पहारी हीच मला म्हणती, चला रस्त्याला. मागल्या पावसात त्या बुजगावण्याची टोपी कुजली, तर माझ्या दुकानातल्या लाल कापडाची हिनं नवी शिवली, गोंडा बाभळीवरच्या कापसाचा. लोक आदाब करून राह्यलेत. मीबी रोज करतो, आन् मनात म्हणतो, बाबा, माझ्यानं झालं न्हाई ते तू केलंस, असाच उभा राहा.