पाळीवर दिलेला हात

नाव अल्का प्रफुल्ल डोंगरवार, वय ३६ वर्षे, धंदा शेतमजुरी व सध्या बर्फावर घसरायला शिकवणे, राहणार नागरा, तालुका व जिल्हा गोंदिया.

मी समक्ष ठाण्यात हजर आहे आणि विचारल्यावरून खरे तेच सांगते, की वरील पत्त्यावर मी माझी मुलगी रचना, वय दहा, हिच्यासह माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ केशोराव डोंगरवार, यांच्या घरी राहते. माझे पती प्रफुल्ल तीन वर्षांपूर्वी वारले. भासऱ्यांनी काल या ठाण्यात तक्रार दिली की गावातील देवचंद मेश्राम यांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लोकांसमोर माझा हात धरला. हा जबाब त्याबाबत आहे. तक्रार देण्याआधी मला कोणी काही विचारले नाही. आज भासऱ्यांनीच मला ऑटोत बसवून आणले.

देवचंदभाऊ पहाडी सीमेवरच्या दलातून रिटायर झाले आहेत. तिकडे ते नवीन जवानांना बर्फावर स्की करायला शिकवत. नागपूरला नकली बर्फाचा एक हॉल सुरू होत आहे. तिथे नवशिक्या बायांना शिकवायला बायाच पाहिजेत, म्हणून त्यांनी गावात विचारले. लोक हसले. मीही हसले. "इथं उन्हानं डांबर वितळून राहिलं, अन् तुम्ही बर्फ कायले शिकवता जी?" असे मीच त्यांना म्हटले होते. मग शिकायला मीच सगळ्यात आधी गेले. येत्या सोमवारी मला त्या हॉलमध्ये कामावर रुजू व्हायचे आहे.

शिकणे गावतलावाच्या पाळीवर चालते. पाळीच्या बाहेरच्या उतारावर राईस मिलचा कोंडा जाड पसरतो आणि बांबूच्या तासलेल्या पट्ट्या पायाला बांधतो. कोंड्यावर पट्टी बर्फासारखीच सुटते असे देवचंदभाऊ म्हणतात. मी बर्फ पाहिला नाही. आधी पडायचे शिकवतात. बाजूला कुल्ल्यावर बसायचे, हात मागे टेकायचा नाही. नंतर थांबायचे शिकवतात. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर, घराच्या छपरासारखी, की वेग आपोआप मरतो. आम्हा बायांची खोड अशी की रोवणी करून करून आम्ही कंबरेतून वाकतो, गुडघे सरळच्या सरळ. भाऊ खालून ओरडत, "धान रोवून राहिल्या का बाई? गुडघे वाकवा, गुडघे!" आता नवीन बायांवर हेच मी ओरडते. शिकवताना देवचंदभाऊ कोणाला हात लावत नाहीत. दोघांच्या मध्ये बांबू असतो, एक टोक त्यांच्या हातात, एक आमच्या.

रविवारी सकाळी मी कुडव्याहून शिकायला येणाऱ्या निशाला थांबणे दाखवत होते. रचना पाळीवर बसून पाहत होती. उतरताना पायांकडे पाहायचे नसते, पुढे पाहायचे असते. मी पुढे पाहिले तर पायथ्याशी मोटरसायकल लावून भासरे उभे. माझा हात पदर घ्यायला डोक्याकडे गेला. अंगावर पंजाबी ड्रेस होता, ओढणी कमरेला बांधलेली, पदर नव्हताच. तरी हात गेला. दोन्ही हात पुढे पाहिजेत, त्यातला एक वर गेला, वजन मागे गेले, पट्ट्या सुटल्या आणि मी भासऱ्यांच्या पुढ्यात जाऊन पडले. पडताना हात मागे टेकला. असे करू नको म्हणून निशाला मी घडीभरापूर्वीच बजावले होते. डावे मनगट मुरगळले. यात देवचंदभाऊंच्या शिकवण्याचा काही दोष नाही.

भासरे जागचे हलले नाहीत. आमच्या घरात भासरा धाकट्या भावाच्या बायकोला हात लावत नाही. त्यांनी रीत पाळली, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. निशा वर अडकली होती, तिला अजून थांबता येत नाही. देवचंदभाऊंनी बांबू पुढे केला, पण पायाला पट्ट्या आणि एकच हात चालत असल्याने बांबू धरून उठता येईना. तेव्हा मी म्हटले, "भाऊ, हात द्या जी." त्यांनी भासऱ्यांकडे एकदा पाहिले. मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो धरला, मला उठवले आणि सोडला. किती वेळ धरला असे जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी विचारले. मी उठेपर्यंत.

मला राग आला आहे, तोही लिहा असे मी मॅडमना सांगितले. आपण उचलायचे नाही आणि दुसऱ्याने उचलले तर गुन्हा, मग मी काय कोंड्यातच पडून राहायचे होते का? बाप्पा, जनावर चिखलात बसले तरी माणसे धावतात. भासरे रचनाला गाडीवर बसवून घेऊन गेले. मी मनगट धरून पायी घरी आले.

रात्री भासऱ्यांनी जाऊबाईंच्या तोंडून निरोप दिला, "जायचं असन तर जाय म्हणा नागपूरले, पोरगी इथंच राहीन. डोंगरवाराची पोरगी आहे." रचनावर त्यांचा जीव आहे हे मी नाकारत नाही. प्रफुल्ल गेल्यावर तिला तापात रात्रभर खांद्यावर घेऊन तेच फिरले आहेत. पण ती माझी मुलगी आहे. तिला सोडून मी एक पाऊल टाकणार नाही, आणि तिच्यासाठी म्हणून घरी बसणारही नाही.

माझी देवचंद मेश्राम यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. भासऱ्यांविरुद्धही नाही. सोमवारी मी रचनाला सोबत घेऊन नागपूरला जात आहे. त्यानंतर पोरगी हरवली किंवा कोणी पळवली असे सांगत कोणी ठाण्यात आले, तर ती आईजवळ आहे असे त्यांना सांगावे.

लग्न होऊन चौदा वर्षे झाली, भासऱ्यांशी मी आजवर तोंड उघडून बोललेले नाही. ते बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना आत बोलवावे आणि माझा जबाब त्यांच्या कानावर पडेल असा वाचावा, अशी विनंती मी केली. मॅडमनी त्यांना बोलावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळे मोठ्याने वाचले. सांगितले तसेच उतरले आहे का असे विचारल्यावर, "हो जी, एकेक शब्द माझा आहे," असे मी भासऱ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगितले, आणि मग सही केली.