घरचं की सार्वजनिक?

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक वयस्क नवरा-बायको बसले होते. तो वरच्या खोलीत भाषांतरं करतो आणि ती खाली बसून ती तपासते, एवढं मला पाच मिनिटांत कळलं होतं.

"अगं, तीन आठवडे झाले, तुझा कॉम्प्युटर मला दिसतच नाहीये."

"तुम्हाला कपाळावरचा चष्मासुद्धा दिसत नाही."

"चेष्टा नको. फाइल पाठवायला गेलं की यादीत तुझं नावच नसतं. वायर बघितली, पासवर्ड बघितला, दोन्ही बंद करून चालू केले."

"नवीन वायफाय जोडलं तेव्हा कॉम्प्युटरनं मला विचारलं होतं, नेटवर्क घरचं की सार्वजनिक?"

"मग काय दाबलंस?"

"सार्वजनिक."

"अगं, का?"

"शेजारीण इस्त्री मागायला येते, तुमचे मित्र पेपर वाचायला येतात, दार सकाळपासून सताड उघडं. त्याला काय घर म्हणायचं?"

"धन्य आहे तुझी! सार्वजनिक म्हटलं की तो कुणालाच तोंड दाखवत नाही. आज घरी गेल्यावर बदल. मिनिटाचं काम आहे. मग पेनड्राइव्हसाठी तुला जिना चढायला नको."

"माहीत आहे. सोमवारीच सापडलं मला ते बटण."

"मग बदललं का नाहीस?"

"पेनड्राइव्ह घ्यायला वर येते, तेवढ्यात चार शब्द बोलता तरी माझ्याशी."





"मग राहू दे सार्वजनिकच."