कात्रीचं वजन

सोनुन : त्याच्या तोंडात काय आहे ते?

तुर्दुकान : कुठं काय? काही नाही.

सोनुन : आपा, दोरी लोंबतेय बाहेर.

तुर्दुकान : अगं, मेंढीच्या शेपटीची चरबी आहे. एवढीशी. चोखतोय बिचारा.

सोनुन : दोन महिन्यांच्या पोराला! पंधरा वर्षं झाली मला या गावात नर्स होऊन. पंधरा वर्षं घसा फोडून एकच सांगतेय, सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, चहा नाही, लोणी नाही. आता चरबीचं वेगळं सांगायला हवं होतं का?

तुर्दुकान : चरबीचं नाव कधी घेतलंच नाहीस, मग आम्हाला काय स्वप्न पडणार? बस, दम खा. सूनबाई, चहा ओत.

पेरिझात : आपा, मी त्याला पाजायलाच घेत होते...

तुर्दुकान : पाजायला आहे काय तुझ्याकडे? आधी चहा. घरात माणूस आलंय.

सोनुन : मला नकोय चहा.

तुर्दुकान : मला हवाय.

पेरिझात : ओतते, आपा.

सोनुन : झालं! सोडलं पोराला अर्ध्यावर. पेरिझात, दिवसातून किती वेळा पाजतेस? खरं सांग.

पेरिझात : तीनदा. कधी दोनदा.

सोनुन : फक्त?

पेरिझात : काय करू, सोनुन एजे? पाळण्यात बांधलेला असतो. रडला की आपा गाईच्या दुधाची बाटली लावतात. मग माझ्याकडे आला की पेंगतो. आणि मी बसले रे बसले की कुणीतरी येतंच, चहा ठेवावा लागतो.

तुर्दुकान : हं, म्हणजे आता सगळं खापर माझ्यावर! सोनुन, दहा दिवसांपूर्वी तूच आलीस, तूच काट्यावर टांगलंस त्याला. गेल्या महिन्यात चार किलो साडेनऊशे, आता चार किलो साडेआठशे. घटलंय म्हणालीस ना? मग माझ्या नातवाला काय उपाशी मारू? गाय दारात उभी आहे.

सोनुन : मी म्हणाले, जास्त वेळा अंगावर पाजा. गाईचा ग तरी काढला होता का मी?

तुर्दुकान : अंगावर काय पाजणार? मी पिळून बघितलंय वाटीत. निळसर आहे, पाण्यासारखं. असल्या दुधावर कोकरू जगणार नाही.

सोनुन : दर वेळी सुरुवातीला येणारं दूध तसंच दिसतं हो! अरे देवा, कुणाकुणाला सांगू मी!

तुर्दुकान : ओरडू नकोस, ठरलंय आमचं. गुरुवारी ट्रक येतोय. गुरं, तंबू, पोर, सगळं घेऊन मी वर कुरणावर जाणार. ताजं दूध, गार हवा. ही खाली राहील. बटाट्यांना पाणी द्यायला कुणी नको का? हिचा नवरा कुबात रशियात बसलाय, तो येणार आहे पाणी द्यायला?

सोनुन : आणि खाली कधी आणणार पोराला?

तुर्दुकान : सप्टेंबरात.

सोनुन : सप्टेंबरात! पेरिझात, तू कबूल झालीस याला?

पेरिझात : मी काय बोलणार? माझं दूध आटलंय म्हणतात सगळे. माझी आईसुद्धा फोनवर म्हणाली, आटलं असेल तर हट्ट नको करू. एजे, पोटची आई असून मी त्याला उपाशी ठेवलं. मला तोंड वर करून बघवत नाही कुणाकडे.

सोनुन : रडू नकोस. सोड त्याला पाळण्यातून, बघू दे मला. ये रे अर्गेन, ये बाबा. आता हे काय? मांडीला वळ्या पडल्यात. गाल बघा. पेरिझात, बाटली लावायच्या आधी लंगोट किती ओले व्हायचे?

पेरिझात : सहा-सात तरी. दोरीवर जागा पुरायची नाही.

सोनुन : मग हे पोर घटलं कसं? काटा बिघडला म्हणावं, तर परवाच शाळेतल्या वजनांनी तपासलाय. माझंच डोकं फिरायची वेळ आली.

तुर्दुकान : नजर लागली असेल. चाळीस दिवस होते तोवर काय बाळसं होतं त्याचं! लोखंड काढलं आणि उतरणीला लागला.

सोनुन : कसलं लोखंड?

तुर्दुकान : बाळंतिणीच्या घरात अल्बर्स्ती शिरते, ठाऊक नाही तुला? शिकली-सवरली आणि विसरली. लोखंडाला घाबरते ती चेटकीण. मी चाळीस दिवस लोखंड पोराच्या अंगावेगळं होऊ दिलं नाही. पाळण्यात, मांडीवर, कुठंही.

पेरिझात : काट्यावरसुद्धा.

सोनुन : काय म्हणालीस?

पेरिझात : तुम्ही पहिल्यांदा वजन केलंत ना, एजे, तेव्हाही होतं. दुपट्याच्या आत.

सोनुन : आपा?

तुर्दुकान : मग काय काढून ठेवणार होते? त्याच क्षणाला ती आली असती तर?

सोनुन : काय होतं आत? सुई? खिळा?

तुर्दुकान : सुईला कोण भितं! यांचा चाकू होता, म्यानासकट. आणि कात्री.

सोनुन : कुठली कात्री?

तुर्दुकान : मेंढ्या कातरायची. घरात दुसरी आहे कुठली?

सोनुन : अगं आई गं! आणा. दोन्ही आणा इकडे. आत्ता.

(सोनुनबाईंनी पोराला तोलायची झोळी काढली आणि त्याच झोळीत कात्री आणि चाकू घालून काट्याला टांगले. तुर्दुकान आपा भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. घरात भलतंच काही चाललंय आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असा त्यांचा चेहरा होता.)

सोनुन : आठशे ग्रॅम. वाच, पेरिझात, मोठ्यानं वाच.

पेरिझात : आठशे.

सोनुन : म्हणजे पहिल्या महिन्यात पोर होतं चार किलो दीडशे. दहा दिवसांपूर्वी, नुसत्या अंगानं, चार किलो साडेआठशे. तेव्हा बाटली नव्हती, चरबी नव्हती. घटलं नव्हतं तुझं पोर! सातशे ग्रॅम वाढलं होतं, तुझ्या त्या निळसर दुधावर!

पेरिझात : माझ्या?

सोनुन : मग काय गाईच्या? ती तर नंतर आली. चूक माझी आहे. पहिल्या वजनाच्या दिवशी आपा म्हणाल्या, थंडी आहे, उघडा करू नकोस, आणि मी सहा दुपट्यांचे दोनशे ग्रॅम वजा करून मोकळी झाले. लिहायलाच नको होतं. माझ्या एका आकड्यानं या पोरीला रडवलं.

पेरिझात : मग आता आटलं असेल का, एजे? आठवडाभर छाती हाताला हलकीच लागतेय.

सोनुन : कमी झालंय, आटलं नाही. दर दोन तासांनी लाव, रात्रीसुद्धा. बाटली मी सांगेन तशी कमी करत जायची. भरेल परत. पण गुरुवारी पोर ट्रकमध्ये आणि तू बटाट्यांत, तर मग खरंच आटेल. तेव्हा कुठलाच काटा कामाचा नाही.

तुर्दुकान : आणि बटाटे?

सोनुन : खड्ड्यात गेले तुमचे बटाटे!

तुर्दुकान : खड्ड्यातच असतात. सोनुन, एक विचारू?

सोनुन : विचारा.

तुर्दुकान : कुबातच्या वेळी माझंही आटलं होतं. विसाव्या दिवशी. तो गाईच्याच दुधावर वाढला.

सोनुन : कुणी सांगितलं आटलं म्हणून? वजन केलं होतं त्याचं?

तुर्दुकान : वजन कसलं? सासूबाईंनी वाटीत पिळून बघितलं. पातळ आहे म्हणाल्या. पोर काढून घेतलं माझ्याकडून.

सोनुन : आणि मग?

तुर्दुकान : मग रात्री कुडतं भिजायचं. छातीला फडकी बांधून निजायची मी, ती पहाटे ओली निघायची. कुणी बघू नये म्हणून ओढ्यावर जाऊन धुवायची. महिनाभर धुतली.

पेरिझात : आपा...

तुर्दुकान : गुरुवारी तूच चढ ट्रकमध्ये, त्याला घेऊन. मी राहते खाली.

पेरिझात : तुम्ही हिवाळाभर कुरणाची वाट बघत होतात, आपा.

तुर्दुकान : पुढच्या वर्षी कुरण काही उठून जात नाही. तोंड काय बघतेस माझं? घे त्याला.

पेरिझात : घेते. तुमचा चहा गार झाला, दुसरा ओतून देते आधी...

तुर्दुकान : बस खाली. माझा मी ओतते.