शिक्का अस्पष्ट

विषय : पदाची सत्ता व नेतृत्व, याबाबत माजी राज्यपालांचे मनोगत मिळणेबाबत. संदर्भ : आपले पत्र दिनांक नऊ, आणि त्यानंतरचे आपले दोन फोन. — हो, तुमचंच पत्र वाचतोय, अंजलीताई. विषय तुम्ही लिहिला नव्हता, तो मी वर पेन्सिलीनं घातला. विषय नसलेला कागद मला हातात धरवत नाही. बसा ना, उभ्या का? त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो, या इकडे बसा. चहा मीच केलाय, त्यामुळे काही बोलू नका, पिऊन टाका. तर — पुस्तकासाठी सहा माजी राज्यपाल हवे होते, चार भेटले, एक दवाखान्यात, आणि उरलेला मी. बाकीचे काय म्हणाले? सेवेची संधी मिळाली? चौघंही? मग माझंही तेच लिहा आणि सुटा — नाही, नाही, गंमत केली, बसा. आज बुधवार. बुधवारी मला वेळच वेळ असतो. फाटक वाजलं का हो आत्ता? नाही? शेजारचं असेल.

मी मुळात कारकून, हे पहिलं लिहून घ्या. बावीस वर्षं इथंच नाशकात, पाटबंधारे खात्यात. मग संघटना, मग पक्ष, आणि मग पक्षाला मला कुठं ठेवावं ते कळेना. घरात एखादी वस्तू असते बघा, टाकवत नाही आणि पायातही येते — ती आपण माळ्यावर ठेवतो. तसा मी राज्यपाल झालो. राज्याचं नाव मी सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे, तिकडची माणसं चांगली आहेत. माळा मात्र सुंदर होता. चाळीस खोल्या, मोर, चोवीस माणसांचं जेवणाचं टेबल, आणि टेबलाशी मी एकटा. आमच्या हिनं आदल्या वर्षीच जग सोडलेलं, मोहिनी — माझी मुलगी — बंगळुरूला. मागे दोन माणसं उभी, मी भाकरी मोडतोय आणि ते बघतायत. पाच वर्षांत एक दार मी स्वतःच्या हातानं उघडलं नाही. पंचवटीतल्या या घरी परत आलो, तर पहिल्या दिवशी मोरीच्या दारासमोर नुसता उभा राहिलो. कोणी उघडेचना.

सत्ता? सांगतो ना. वर्षातून एकदा सभागृहात भाषण वाचायचं, त्यात दर दोन ओळींनी 'माझं सरकार'. माझं सरकार रस्ते करील, माझं सरकार धरणं बांधील. त्यातलं एक अक्षर माझं नसायचं, स्वल्पविरामसुद्धा त्यांचा. बाकी कागद सहीला यायचे, खूण केलेल्या जागी सही करायची. सचिव नम्रपणे पान उलटून धरायचा आणि घड्याळात बघायचा. कारकून असताना मी साहेबांकडं असंच पान उलटून धरायचो, त्यामुळे मला ते घड्याळात बघणं लगेच कळलं. तर सही करणं ही काही सत्ता नाही, ताई. सही तर कोणीही करतो. न करणं — तिथं खरं पद असतं. एक फाइल थांबवून बघा, अख्खं सचिवालय तुमच्या तब्येतीची चौकशी करतं. हे लिहा, हे तुम्हाला बाकीच्या चौघांनी सांगितलं नसेल.

होती ना, एक फाइल होती. आता विषय निघालाच आहे तर — बहिरू म्हणून एक माणूस, आपल्या चांदवडचा. कांद्याचा ट्रक घेऊन तिकडच्या मार्केटात गेला होता. गाडी आधी कोणाची रिकामी करायची यावरून हमालाशी भांडण झालं, यानं जॅकचा दांडा मारला, तो हमाल मेला. जन्मठेप. चूक त्याचीच, तो स्वतःही नाही म्हणत नाही. चौदा वर्षं झाली, तुरुंगात वागणूक चांगली, तिथं विणकाम शिकला, दुसऱ्यांना शिकवायला लागला. मंत्रिमंडळानं शिफारस केली की उरलेली शिक्षा माफ करावी, सोडावं. राज्यपालांची सही झाली की माणूस बाहेर. एवढंच राहिलं होतं. सही.

मी फाइल वाचली. सगळी वाचली, त्या राजभवनात फाइल पहिल्या पानापासून वाचणारा मी पहिलाच असेन. सहपत्र चार, तुरुंग अधीक्षकांचा वर्तणुकीचा दाखला — त्याच्यावरचा शिक्का पुसट. मी समासात शेरा लिहिला, 'शिक्का अस्पष्ट, सुस्पष्ट प्रत सादर करावी.' हसू नका. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं हेच केलं मी. अपुऱ्या कागदावर सही घ्यायला गेलो तर साहेब फाइल भिरकावून द्यायचे. सवय म्हणजे काय, हाडात जाते. फाइल परत आली पाच महिन्यांनी, चांगला निळा, ठसठशीत शिक्का मारून. तर तोवर पोलीस पाटलाचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना झालेला! तो कोणामुळे जुना झाला? माझ्याच शेऱ्यामुळे. पण नियम नियम आहे, जुना दाखला चालत नाही. दुसरा शेरा. त्यात वर्ष गेलं. मग आली तर एक्केचाळीसपासून पुढच्या पानांना क्रमांकच नव्हते — घातला तिसरा शेरा. एकूण दोन वर्षं सात महिने. आणि तिसऱ्याचं उत्तर यायच्या आत माझी मुदत संपली, बँड वाजला, मला विमानात बसवून दिलं.

चहा निवला तुमचा. दुसरा टाकू? नको? बरं. — थांबा, कोणी आलं का बघतो. … कोणी नाही. मांजर.

बहिरूची आई, नवसाबाई. दोन दिवस रेल्वेचा प्रवास करून म्हातारी राजभवनाच्या फाटकाशी आली. का, तर राज्यपाल 'आपल्या नाशकाकडचा' आहे असं कोणीतरी सांगितलं. पहारेकऱ्यांना तिची भाषा कळेना, तिला त्यांची. मी आत बोलावलं. त्या मोठ्या दिवाणखान्यात गालिच्यावर अनवाणी उभी, हातात कापडी पिशवी, तिच्यात खुरासणीची चटणी. मला वाटलं पाया पडेल, रडेल. ती माझ्याकडं बघून म्हणते, "साहेब, लय हडकले हो तुम्ही. जेवाया कोनी वाढीत नाय का?" मागे वाढणारे दोघं उभे! त्यांना काही कळलं नाही ते बरं. आम्ही दीड तास बोललो. पाऊस कसा आहे, कांद्याला काय बाजार, रेणुकामातेच्या जत्रेला यंदा गर्दी होती का. मुलाचं तिनं शेवटी काढलं, जाता जाता, जसं काही माझा वेळ जाईल म्हणून भीत होती. मी म्हटलं, नवसाबाई, कागद थोडा अपुरा आहे, पूर्ण होऊन आला की करतो. ती म्हणाली, "करा साहेब निवांत. तुमचं काम मोठं." अशी पाच वेळा आली. पाच. चटणी संपायच्या सुमाराला यायची.

आता इकडं येते. यायची. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, अकराच्या गाडीनं, साडेबारापर्यंत इथं. कारण मी आता तिचे अर्ज लिहून देतो. हो, मीच. पूर्वी अर्ज माझ्याकडं यायचे, आता मी माझ्याच जुन्या पत्त्यावर पाठवतो — 'मा. राज्यपाल महोदय यांचे सेवेशी'. सहा केले. असे अर्ज तुम्हाला जिल्ह्यात कोणी लिहून देणार नाही, मी सांगतो, सहपत्रांची यादी, समास, हिंदी अनुवाद जोडलेला, सगळं जिथल्या तिथं. उत्तरही सहा वेळा आलं, एकच. 'पूर्वीच्या मा. राज्यपाल महोदयांनी उपस्थित केलेल्या मुद्द्यांची पूर्तता झाल्याशिवाय प्रकरणी विचार करता येत नाही.' पूर्वीचे महोदय म्हणजे कोण? हे, तुमच्यापुढं बसलेत, बनियनवर सदरा घालून. अहो, पानांना क्रमांक घालायला दहा मिनिटं लागतात. पण दरम्यान सरकार बदललेलं. ज्या कैद्यावर राज्यपालांनी तीन-तीनदा शंका घेतली, त्याच्या फाइलीला नव्यांतला कोण हात लावणार? त्यांना वाटतं, यात काहीतरी असलं पाहिजे. काही नाही हो त्यात. आणि बहिरूला आता एकोणिसावं वर्ष.

तिला काय माहीत होतं यातलं? काही नाही. मी उत्तर वाचून दाखवायचो, पण ती ओळ — ती ओळ गाळायचो. ती गावात सांगायची, साहेबांनी लय खटपट केली, वरचे आडवे आले. माझ्या वर कोण होतं, ताई?

म्हणून सातवा अर्ज केला. दोन महिने होत आले. तो तिचा नाही, माझा, माझ्या सहीचा. सही दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. मजकूर सांगतो, लहान आहे. 'मी, निम्नस्वाक्षरीकार, माजी राज्यपाल, असे नमूद करतो की सदर प्रकरणी मी उपस्थित केलेले तिन्ही मुद्दे अनावश्यक होते. सहपत्र चारवरील शिक्का वाचता येत होता. विलंब सर्वस्वी माझ्याकडून झाला आहे. सबब ते मुद्दे मी मागे घेत असून, बहिरू याच्या सुटकेचा विचार व्हावा.' आणि खाली डावीकडं — प्रत माहितीस्तव, नवसाबाई, मु. पो. अमुक, तालुका चांदवड. ज्याच्याविषयी कागद लिहिला त्याला प्रत गेलीच पाहिजे. ती न टाकता अर्ज पाठवता आला असता, आला असता ना, माझा हात तिथं थांबलाही होता. पण प्रत नाही तर तो अर्जच नव्हे. पोस्टानं पाठवली, पोचपावतीसकट. पोचपावती आली, तिच्यावर अंगठा. स्पष्ट आहे अंगठा. पोस्टमन वाचून दाखवतो तिला सगळं.

तेव्हापासून नाही आली. मागचा पहिला बुधवार गेला, मी म्हटलं गाडी चुकली असेल. आजचा हा दुसरा.

काय विचारलंत? … हो, बरोबर. चांगला प्रश्न आहे, कारकुनाला शोभेल असा. शिक्का वाचता येत होता, तर शेरा का मारला. सवय, सांगितलं ना मघाशी. … नाही पटत? बावीस वर्षांची सवय, ताई, हाडात — बरं. पहिला शेरा सवयीचा. तो खराच सवयीचा, देवाशपथ. पण दुसरा — बघा, ती फाइल टेबलावर होती तोवर गृहसचिव स्वतः यायचे, बसायचे, कॉफी घ्यायचे, 'महोदय, आपला काय विचार?' माझा विचार! पाच वर्षांत त्या एका फाइलीवर मला कोणी माझा विचार विचारला. आणि म्हातारी यायची. मराठी बोलायला कोणी नव्हतं हो तिथं. मोरांशी बोलायचो मी. पोलीस पाटलाचा दाखला हातात घेतला, तारीख बघितली, आणि मनात आलं — आता सही केली की बहिरू घरी जाईल, मग ती दोन दिवस रेल्वेत बसून कशाला येईल? कोणाकडं? पोरगं घरी आल्यावर कोण येतं? तिसऱ्या वेळी तर पानांवर क्रमांक आहेत का, हे मी शोधूनच बघितलं. नसावेत म्हणून. … हे त्या अर्जात नाही. तिथं 'अनावश्यक' एवढंच लिहिलंय.

ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालू आहे का तुमचं? बंद करा जरा. — नाही, राहू द्या. झालं ते झालं.

तुम्ही घड्याळात बघितलंत. बघा, बघा, मला कळतं ते. निघा, उशीर होईल. रिक्षा नाक्यावर मिळेल, इथं गल्लीत येत नाहीत. पुन्हा या म्हणणार नाही, तुमचं काम झालं, सहावा माणूसही मिळाला. दार नुसतं लोटा, कडी नका लावू, कोणी आलं तर मला ऐकू येत नाही हल्ली.

काय? दारातून काय विचारताय? … अच्छा, सातव्याचं. मागच्या आठवड्यात राजभवनात फोन केला होता. माझ्या वेळचाच माणूस होता तिथं, मी आवाज ओळखला, त्यानं नाही. नाव विचारलं, मी नुसतं चिमाजी सांगितलं, पद नाही. अर्जाचा क्रमांक विचारला, थांबा म्हणाला. थांबलो. मग येऊन त्यानं सांगितलं, अर्ज प्राप्त झाला आहे, प्रलंबित आहे.